भारी सुती शर्टिंग: दुकानाच्या काउंटरपासून वाळत घालायच्या दोरीपर्यंत

लग्नसराई जवळ आली की लातूर, नांदेड, परभणीच्या कापड दुकानांत आकड्यांची बोली सुरू होते. एकशेवीस काउंट, एकशेचाळीस काउंट, आणि खास गिऱ्हाईक दिसलं की वरच्या फळीवरून काढलेला दोनशेचा तागा. आकडा चढला की भाव चढतो, आणि भाव चढला की आपण धरून चालतो की शर्ट जास्त दिवस टिकणार. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. काउंट धाग्याचा बारीकपणा सांगतो. टिकाऊपणा ठरतो तंतूच्या लांबीवर, धाग्याच्या पिळावर, विणीवर, शिलाईवर आणि तुमच्या घरातल्या पाण्यावर. मराठवाड्यातलं ऊन, घाम आणि बोअरचं जड पाणी बघता इथल्या माणसाने दोनशे काउंटच्या मागे न लागता चांगल्या लांब तंतूचं, टू-प्लाय (दोन धागे एकत्र पिळून केलेल्या सुताचं), ८० ते १०० काउंटचं कापड घ्यावं आणि उरलेले पैसे चांगल्या शिलाईत घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, आणि असं कापड ओळखायचं, शिवायचं आणि सांभाळायचं कसं, ते आता सांगतो.

काउंटचा हिशेब

एक पौंड, म्हणजे साधारण ४५३ ग्रॅम सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा काउंट. ४० काउंटचं एक पौंड सूत उलगडलं तर ३१ किलोमीटरच्या आसपास जातं. १०० काउंटचं तेवढ्याच वजनाचं सूत जवळजवळ ७७ किलोमीटर जातं, म्हणजे जालन्यात एक टोक धरलं तर दुसरं छत्रपती संभाजीनगर ओलांडून पुढे निघेल. तेवढ्याच कापसातून इतकी लांबी काढायची तर धागा बारीक होणारच. बारीक धाग्याचं कापड मऊ, हलकं आणि झळाळीचं होतं, पण प्रत्येक धाग्यात तंतू कमी असतात आणि घासटलं की ते लवकर तुटतात.

म्हणून धागा एकेरी आहे की दुहेरी, हा प्रश्न काउंटपेक्षा मोठा. चऱ्हाट वळताना जसे पेड एकमेकांत पिळतात, तसे टू-प्लायमध्ये दोन बारीक धागे एकत्र पिळलेले असतात. एका धाग्यातली पातळ जागा दुसरा धागा झाकतो, बाहेर आलेली लव पिळात दबते आणि कापड गुळगुळीत राहतं. '१००/२' असं लिहिलेलं असेल तर १०० काउंटचे दोन धागे पिळून एक केला आहे. त्याची जाडी साधारण ५० काउंटच्या एकेरी धाग्याएवढी होते, पण तो त्याहून एकसारखा आणि घट्ट असतो. ब्लाऊजपीस घेताना घरातल्या बायका 'टू बाय टू आहे का?' म्हणून विचारतात, तो प्रश्न हाच: ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) दोन्ही दुहेरी आहेत का? शर्टिंग घेताना पुरुषांनीही तेच विचारावं. ताणा टू-प्लाय आणि बाणा सिंगल असलेलं कापड बाजारात भरपूर आहे आणि ते सर्रास 'टू-प्लाय' म्हणूनच विकलं जातं.

कापूस कुठला

हा भाग मराठवाड्याला वेगळा शिकवावा लागत नाही. ज्याने जिनिंगवर गाडी लावली आहे त्याला स्टेपल (तंतूची लांबी) आणि मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचं माप) हे शब्द माहीत असतात. फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेलं पीक) ठेवलेल्या कापसाचा तंतू आखूड आणि कमजोर निघतो, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) मिसळली की भाव पडतो, हेही ठाऊक असतं. शर्टाच्या कापडालाही नियम तोच.

आपल्याकडच्या बीटी संकरित वाणांचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरतो. भारतीय वर्गवारीत २७.५ ते ३२ मिलिमीटर म्हणजे लांब धागा आणि ३२.५ च्या वर अतिलांब. सेलू, मानवतचा चांगला कापूस रोजच्या वापराच्या कापडाला उत्तम आहे, पण १०० काउंटचं सूत कातायला अतिलांब धागाच लागतो. तो इजिप्तच्या गिझा वाणांतून येतो, अमेरिकेच्या पिमा वाणातून येतो, आणि आपल्या देशात सुविन वाणातून. सुविन कोइमतूरला तयार झालं आणि १९७४ मध्ये प्रसारित झालं. सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांचा तो संकर. जगातल्या उत्तम कापसांत त्याची गणना होते, आणि आपल्या शर्टिंगच्या दुकानांत त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

तंतू लांब असला की तो धाग्यात जास्त अंतरापर्यंत पिळला जातो, त्याची टोकं कमी सुटी राहतात. त्यामुळे कापडावर लवेचे बारीक गोळे कमी येतात आणि कॉलरची घडी उशिरा विरते. त्यावर 'कोंब्ड' सूत असेल तर आखूड तंतू विंचरून काढून टाकलेले असतात. भारी कापडात ते गृहीतच धरायला हवं.

'गिझा कॉटन' या शिक्क्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या दुकानसाखळीला असं आढळलं की इजिप्शियन म्हणून विकलेल्या लाखो चादरींत दुसराच कापूस होता. तिथे हे घडू शकतं, तर आपल्या बाजारपेठेत शिक्का बघून डोळे मिटून पैसे मोजू नयेत. मिलचं नाव ताग्याच्या किनारीवर विणलेलं किंवा छापलेलं असतं, ते वाचा. सुटा कटपीस घेत असाल तर कापायच्या आधी तागा उलगडून किनार दाखवायला सांगा. उत्तम सुती शर्टिंग आता परदेशातूनच येतं असंही नाही. कोल्हापूरजवळच्या कागलच्या औद्योगिक वसाहतीत टू-प्लाय भारी शर्टिंग विणणारे कारखाने आहेत.

दुकानात काय करायचं

संभाषण साधारण असं व्हावं:

"भाऊ, हे कितीचं आहे?"

"शंभरचं आहे काका, गिझा."

"शंभर बाय दोन का? आणि बाणा?"

इथे दुकानदार ताग्याच्या टोकाला लावलेली चिठ्ठी बघतो. चिठ्ठीवर '१००/२ × १००/२' असेल तर विषय संपला. नसेल तर कापलेल्या काठावरून एक धागा ओढून मागा. कुठलाही चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

तो धागा दोन्ही हातांच्या नखांत, इंचभर अंतर ठेवून धरा. एक टोक पिळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा. धागा एकेरी असेल तर पीळ सुटता सुटता तो भुसभुशीत होईल आणि अलगद ओढताच तुटेल. टू-प्लाय असेल तर एका क्षणी मधोमध फट पडेल आणि दोन स्वच्छ धागे वेगळे दिसतील. सुईचं टोक त्या फटीत घातलं तर ते आणखी उघडतात. हे एकदा आडव्या धाग्यावर करा, एकदा उभ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चिठ्ठीपेक्षा जास्त विश्वासाचं.

मग कापड उजेडाकडे धरा, ट्यूबलाइटकडे नको, दुकानाच्या दाराकडे. विण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे दाट, कुठे विरळ असे पट्टे किंवा बारीक गाठी दिसल्या तर पुढे जाऊ नका. त्यानंतर दोन्ही अंगठे कापडावर शेजारी शेजारी दाबून विरुद्ध दिशांना ओढा. धागे सरकून फट राहिली तर त्या कापडाची शिवण काखेत आणि पाठीत उसवणार. ही खोड सॅटिनला आणि विरळ विणीच्या कापडाला जास्त असते.

कापड हातात चुरगाळून सोडलं आणि त्याला एक सुरकुती पडली नाही, तर आनंदी होऊ नका. शुद्ध सुती कापड चुरगळतंच. ते चुरगळत नसेल तर एकतर त्यात पॉलिस्टर आहे, नाहीतर 'रिंकल-फ्री' प्रक्रिया केलेली आहे. पॉलिस्टर ओळखायला धागा जाळून बघा: कापूस कागदासारख्या वासाने जळतो आणि बोटांत विरघळणारी राख सोडतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रिंकल-फ्री प्रक्रियेत रसायनाने तंतूंच्या आतले रेणू एकमेकांशी बांधले जातात. इस्त्री वाचते, पण कापडाची फाटण्याला टक्कर देण्याची ताकद बरीच उतरते आणि घाम शोषणंही मंदावतं. एप्रिल-मे मधल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत हे अंगावर जाणवतं. भारी कापसासाठी पैसे मोजायचे आणि त्याचे गुण रसायनाने झाकायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

'मर्सराइज्ड' हा शब्द मात्र चांगला. ही प्रक्रिया जॉन मर्सरने १८४४ च्या सुमारास शोधली. कॉस्टिक सोड्याने तंतू फुगून गोलसर होतो. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने ताण देऊन हे काम केलं तेव्हा चकाकी आली. मर्सराइज्ड सूत रंग चांगला धरतं आणि थोडं बळकटही होतं.

विण: कुठे घालणार त्यावर

पॉप्लिन सपाट आणि गार. कोर्टात, कचेरीत, पांढऱ्या शर्टासाठी मला हीच आवडते. ट्विलमध्ये तिरप्या रेघा असतात, अंगावर छान पडतं, सुरकुत्या कमी आणि आतलं दिसत नाही. रोज मोटारसायकलवर जाणाऱ्याने किंवा खांद्याला बॅग अडकवणाऱ्याने ट्विल किंवा ऑक्सफर्ड घ्यावं, कारण पट्टा घासतो त्या जागी पातळ पॉप्लिन आधी जातं. ऑक्सफर्ड जाड असलं तरी विण मोकळी असल्याने हवा खेळते. सॅटिन फक्त लग्नासाठी. त्याचे लांब सुटे धागे घड्याळाच्या पट्ट्यालाही अडकतात.

कापडाचं वजनही तपासता येतं. ५८ इंची पन्ह्याचं एक मीटर कापड वजनकाट्यावर १४७ ग्रॅम भरलं तर ते चौरस मीटरला १०० ग्रॅमचं, आणि १७६ भरलं तर १२० ग्रॅमचं. रोजच्या पॉप्लिनला मी ११० ते १२० धरतो. त्याच्या बरंच खाली असेल तर ते समारंभापुरतं.

पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ५८ इंची पन्ह्यात मध्यम बांध्याच्या माणसाला साधारण १.६ मीटर लागतं, ३६ इंचीत सव्वादोन ते अडीच. भारी कापड घेताना त्यावर पाव ते अर्धा मीटर जास्त घ्या. का, ते शेवटी सांगतो.

शिवायला टाकण्याआधी

कापड आधी पाण्यातून काढा. 'सॅन्फोराइज्ड' म्हणजे कारखान्यातच आधी आटवून घेतलेलं कापड १ टक्क्याच्या आत आटतं, पण ती प्रक्रिया नसेल तर पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज जातं. ४० सेंटिमीटरची कॉलर ३ टक्के आटली की १.२ सेंटिमीटर कमी झाली, म्हणजे वरचं बटण गळ्याला लागलंच.

शंका असेल तर कापडाच्या कोपऱ्यात पेन्सिलने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. साध्या पाण्यात तीन-चार तास भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. ४९ भरलं तर २ टक्के आटलं. पुन्हा एकदा भिजवून फरक पडतो का बघा. कॉलरच्या आत घालायचं बकरमही (ताठ अस्तर) तसंच भिजवून घ्यायला मास्टरला सांगा. कापड आटलेलं आणि बकरम कोरं, किंवा उलटं, असं झालं की पहिल्याच धुण्यात कॉलर लाटांसारखी होते.

मास्टरला काय सांगायचं

इथे कंजूषपणा करू नका. दहा हजारांचं कापड घेऊन शिलाईत दोनशे रुपये वाचवलेले शर्ट मी बघितले आहेत, आणि दर वेळी कापड शाबूत असताना शिवण आधी गेलेली असते.

सुई बारीक वापरायला सांगा. जाड कापडाची १४ किंवा १६ नंबरची सुई १०० काउंटच्या कापडात भोकं पाडते आणि धागे तोडते, ते शिवणीच्या कडेने पुढे विरत जातात. ११ नंबरची सुई हवी, फारच तलम असेल तर ९. टाके इंचाला १६ ते १८. बाजूच्या आणि काखेच्या शिवणीला नुसतं ओव्हरलॉक नको, कडा आत दुमडून डबल टीप हवी.

कॉलर-कफला चिकटवायचं फ्युजिंग (उष्णतेने चिकटणारं अस्तर) मोठ्या कारखान्यात मोजून तापवलेल्या प्रेसने नीट बसतं. गावातल्या दुकानात ते हाताच्या इस्त्रीने चिकटवतात आणि पुढे धुण्यात फुगे येतात. म्हणून गावातल्या मास्टरकडून शिवून घ्यायचा शर्ट असेल तर सुती बकरम आत शिवून घ्या. कॉलर थोडी मऊ राहील, पण टिकेल.

अंगाबरोबर बसवून घेण्याचा मोह तलम कापडाला मानवत नाही. छाती ४० इंच असेल तर शर्ट ४४-४५ असू द्या, आणि गाडी चालवत असाल तर पाठीत प्लेट (चुणी) घालून घ्या. हँडल धरून हात पुढे गेले की ताण सगळा खांद्याच्या पट्टीखाली येतो, आणि फाटतं तेही तिथेच.

धुणं: खरी परीक्षा

मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. साबणाची वडी या पाण्यात फेस न देता चिकट साका तयार करते. तो साका तंतूंत अडकून पांढरा शर्ट राखाडी पडतो आणि कापड ताठर होतं. ताठर कापड घडीवर लवकर मोडतं. म्हणून भारी शर्टाला वडी लावूच नका. द्रवरूप डिटर्जंट वापरा, आणि पाणी फारच जड असेल तर बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून घ्या. शेवटच्या खळबळण्याच्या बादलीत दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर टाकलं की उरलेला सोडा आणि क्षार निघतात. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं स्वच्छ पाणी मिळत असेल तर शेवटचं खळबळणं त्यात करा. त्यासारखं दुसरं काही नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आरओचं टाकाऊ पाणी बरीच घरं धुण्यासाठी साठवतात. टंचाईच्या मुलखात पाणी वाया जाऊ नये हे बरोबरच आहे, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशीला वापरा, शर्टाला नको. टँकरचं पाणी गढूळ असेल तर रात्रभर निवळू द्या आणि वरचंच घ्या.

कॉलर आणि कफ विरतात ते घाम, तेल, धूळ आणि खुंटलेल्या दाढीच्या घासण्याने. धुण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तिथे डिटर्जंटचे थेंब चोळून ठेवा. प्लास्टिकचा ब्रश लावू नका, बोटांनी चोळा. दगडावर आपटणं सोडा. ओला कापूस कोरड्यापेक्षा बळकट असतो हे खरं, पण आपटल्याने घडीवरचे तंतू चिरडतात आणि बटणं फुटतात. मशीनमध्ये टाकत असाल तर उलटा करून, बटणं सोडून, ३० ते ४० अंशांवर, जीन्सपासून वेगळा.

काखेतले पिवळे डाग बहुतेक वेळा घामनाशकातल्या अॅल्युमिनियमच्या क्षारांमुळे पडतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर ते आणखी पिवळे होतात, कापडही कमजोर होतं, आणि पाण्यात लोह असेल तर सगळ्या शर्टावर तांबूस झाक येते. ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात विरघळवून तासभर भिजवा. आणि घामनाशक पूर्ण वाळल्यावरच शर्ट चढवा.

वाळत घालणं सावलीत, उलटा करून. आपल्या उन्हात अर्ध्या तासात शर्ट वाळतो ही सोय आहे, पण तेच ऊन रंग उडवतं आणि तंतू खातं. किंचित ओलसर असतानाच दोरीवरून काढा आणि इस्त्री करा. कोरड्या सुरकुतीवर तापलेली इस्त्री दाबणं म्हणजे घडी मोडणं. चौकातल्या कोळशाच्या इस्त्रीला तापमान कळत नाही, म्हणून तिथे द्यायचाच असेल तर ओलं फडकं वर टाकून करायला सांगा.

कडक खळ घातलेला पांढराशुभ्र शर्ट आपल्याकडे मानाचा समजला जातो. खादीला ते शोभतं आणि सोसतंही, कारण तिचं सूत जाड असतं. शंभर काउंटचं कापड खळीने काचेसारखं कडक झालं की कॉलरच्या घडीवर तडकतं. हवी तर पातळ खळ, तीही कॉलर-कफपुरती. आणि खळ घातलेला शर्ट महिनोन् महिने कपाटात ठेवू नका, कसर लागते.

एक शर्ट लागोपाठ दोन दिवस घालू नका. तीन-चार शर्ट फिरते ठेवले तर प्रत्येकाचं आयुष्य वाढतं.

कॉलर विरली तर

आता तो जास्तीचा पाव मीटर. अशा शर्टाचं अंग धडधाकट असताना कॉलर आणि कफ जातात. मास्टरकडून कॉलर उसवून उलटी बसवून घेता येते, मात्र दोन्ही बाजूंना तेच कापड असेल आणि आतल्या बाजूला कॉलर ताठ ठेवणाऱ्या पट्टीचे खिसे नसतील तरच. म्हणून शिवतानाच विचार करून ठेवा. उलटण्यासारखी नसेल तर जपून ठेवलेल्या कापडातून नवी कॉलर आणि नवे कफ करून घ्या. कोपर उजेडाकडे धरल्यावर पलीकडचं दिसायला लागलं असेल तर मात्र त्यावर आता खर्च करू नका.

तो जास्तीचा तुकडा कोरा ठेवू नका. शर्टाबरोबर अधूनमधून तोही धुवून सावलीत वाळवा. नाहीतर जुन्या शर्टावर नवी कॉलर बसवाल तेव्हा दोन्हींचा रंग वेगळा दिसेल.